पत्रे खोटी ठरली, प्रश्न मात्र राहिला

रहस्यकथेची आवड आपल्या समाजाला जुनी आहे. उर्दू वाचणाऱ्या घरांतून इब्ने सफी यांच्या कादंबऱ्या हातोहात फिरत. त्यांची 'जासूसी दुनिया' १९५२ साली अलाहाबादहून सुरू झाली आणि तीन वर्षांनी इमरान मालिका आली. मराठी वाचणाऱ्यांनी बाबुराव अर्नाळकर वाचले. आता जमाना बदलला आहे. आमच्या शाळेतली मोठी मुले ज्या रहस्यकादंबऱ्यांविषयी बोलतात, त्यांत पिस्तुलापेक्षा मनाचा गुंता जास्त असतो. त्यांतला एक प्रकार तर फारच लोकप्रिय आहे. एखादा पत्रकार जुन्या गुन्ह्याचा माग काढू लागतो. त्याचे स्वतःचे मन अस्वस्थ असते, हाती आलेला पुरावा खरा की खोटा हे त्याला कळत नाही आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस वेडा होता की त्याला वेडे ठरवले गेले, याचा उलगडा शेवटच्या पानापर्यंत होत नाही.

अशी कादंबरी वाचायला परदेशी जाण्याची गरज नाही. ती आपल्याच इतिहासात १८८१ ते १८८३ या काळात घडली आहे. घटनास्थळे कोल्हापूर, पुणे, मुंबई आणि अहमदनगर. पण तिच्या पात्रांचे पाय आमच्या रत्नागिरीच्या मातीला लागलेले आहेत. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत 'कोल्हापूर प्रकरण' म्हणून तिला दोन ओळी मिळतात. टिळक-आगरकरांना एकशे एक दिवसांचा तुरुंगवास झाला, एवढेच त्या दोन ओळींत असते. तो कशासाठी झाला आणि ज्याच्यासाठी झाला त्याचे पुढे काय झाले, हे मुलांना ठाऊक नसते. मोठ्यांपैकीही फार थोड्यांना ठाऊक असते.

प्रथम रत्नागिरीचा धागा सांगतो. बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. वडील गंगाधरपंत येथे शिक्षक होते. टिळक दहा वर्षांचे असताना हे कुटुंब पुण्याला गेले. गोपाळ गणेश आगरकर हे कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. शिक्षणासाठी तेही काही काळ रत्नागिरीला आले होते, पण गरिबीमुळे येथे टिकणे जमले नाही आणि ते परत गेले. तिसरे विष्णुशास्त्री चिपळूणकर. सरकारी नोकरीत असताना त्यांची बदली रत्नागिरीच्या हायस्कुलात झाली होती. ती नोकरी सोडून ते पुण्यास परतले आणि जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. पुढच्या वर्षी, जानेवारी १८८१ मध्ये, या मंडळींनी इंग्रजी 'मराठा' आणि मराठी 'केसरी' अशी दोन साप्ताहिके काढली. 'केसरी'चे संपादक आगरकर, 'मराठा'चे टिळक. म्हणजे आपल्या या कथेतले पत्रकार मुळात शाळामास्तर होते. वर्गात शिकवायचे आणि पत्र चालवायचे. दोघांचीही पंचविशी नुकतीच उलटत होती.

आता कथेचा मुख्य पुरुष. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज विलायतेच्या प्रवासाहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लोरेन्स शहरी वारले. त्यांना पुत्र नव्हता. म्हणून १८७१ मध्ये भोसले घराण्यातील नारायणराव नावाचा आठ वर्षांचा मुलगा दत्तक घेण्यात आला. हेच चौथे शिवाजी महाराज. आठव्या वर्षी हा मुलगा आपल्या घरातून उठून राजवाड्यात आला. राज्य त्याच्या नावाचे, कारभार मात्र इंग्रज पोलिटिकल एजंट आणि दरबारचे कारभारी यांच्या हाती. त्याच्या भोवती गोरे शिक्षक आणि पहारेकरी नेमलेले. १८७७ च्या दिल्ली दरबारात तो मिरवला गेला, तेव्हा तो चौदाही वर्षांचा झालेला नव्हता. त्यानंतरच्या काळात त्याच्या मनाचा तोल गेला असल्याची वार्ता येऊ लागली. पुढे त्याच्या आजारपणामुळे राज्याचा कारभार पाहण्यासाठी कागलचे जयसिंगराव घाटगे यांना रीजंट नेमण्यात आले.

महाराजांना खरोखरच वेड लागले होते का? की त्यांना डांबून, मारहाण करून, भीती घालून त्या अवस्थेला आणले होते? कोल्हापुरात आणि पुण्यात लोक हेच कुजबुजत होते. 'केसरी' आणि 'मराठा' यांनी ही कुजबुज छापील केली. महाराजांना वाईट वागवले जाते, त्यांच्या जिवाला धोका आहे आणि याच्या मुळाशी कारभारी राव बहादूर बर्वे आहेत, असा त्यांच्या लिखाणाचा रोख होता. त्याला आधार होता काही पत्रांचा. ही पत्रे बर्वे यांच्या हातची आहेत आणि त्यांतून महाराजांविरुद्धचा कट उघड होतो, असे सांगून ती पुण्यात आणण्यात आली होती. तरुण संपादकांचा त्यांवर विश्वास बसला.

बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. १८६० च्या भारतीय दंड संहितेत बदनामी हा फौजदारी गुन्हा होता, त्यामुळे प्रश्न दंडाचा नव्हता, तुरुंगाचा होता. खटला मुंबईत चालला. १७ मार्च १८८२ रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारले. ऐन संकटात मंडळींचा आधार गेला. या वेळी मदतीला कोण आले, हे आज मुद्दाम सांगितले पाहिजे. टिळक-आगरकरांच्या जामिनासाठी दहा हजार रुपयांची सोय महात्मा जोतीराव फुले यांनी आपले स्नेही रामशेठ उरवणे यांच्याकरवी केली. फुले आणि ही मंडळी यांचे विचार जुळणारे नव्हते. चिपळूणकरांनी तर फुल्यांवर बोचरी टीका केली होती. तरीही कोल्हापूरच्या गादीवरील एका असहाय तरुणाची बाजू घेणाऱ्यांना फुल्यांनी एकटे सोडले नाही. आपापले कळप करून बसलेल्या आजच्या मंडळींनी ही हकीकत ध्यानात ठेवावी.

हायकोर्टात खटला उभा राहिला तेव्हा बचावाचा पायाच ढासळला. पत्रे बनावट असल्याचे दिसून आले. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली. ती पुरेशी मानली गेली नाही. १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांची रवानगी झाली आणि सहाव्या दिवशी टिळकांना तेथेच सव्विसावे वर्ष पूर्ण झाले. एकशे एक दिवसांनी, २६ ऑक्टोबर रोजी, दोघे सुटले. लोकांनी त्यांचे वाजतगाजत स्वागत केले. या तुरुंगवासावर आगरकरांनी नंतर एक छोटे पुस्तकही लिहिले.

येथे एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. डोंगरीच्या त्या कोठडीत आगरकर शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकाचे मराठी रूपांतर करीत होते. ते 'विकारविलसित' या नावाने १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. हॅम्लेट म्हणजे काय? एक तरुण राजपुत्र, बापाच्या मृत्यूचा जुना गुन्हा, त्याचा शोध आणि राजपुत्र खरोखर वेडा आहे की वेडाचे सोंग करतो आहे हा न सुटणारा पेच. एका तरुण राजाच्या वेडाबद्दल लिहिले म्हणून जो माणूस तुरुंगात आला, तो तुरुंगात बसून दुसऱ्या राजपुत्राच्या वेडाची भाषा मराठीत शोधत होता. आगरकरांच्या मनात त्या वेळी काय चालले असेल याची कल्पना करण्याचा मोह होतो. पण कल्पना हे कादंबरीकाराचे काम आहे, म्हणून आम्ही येथेच थांबतो.

संपादक सुटले. राजा सुटला नाही. त्याला कोल्हापुरापासून दूर अहमदनगरला ठेवण्यात आले होते. २५ डिसेंबर १८८३ रोजी, ग्रीन नावाच्या गोऱ्या पहारेकरी शिपायाशी झालेल्या झटापटीत त्याचा मृत्यू झाला. वय वीस वर्षे. ज्याच्या जिवाला धोका आहे असे लिहिल्याबद्दल दोन माणसांना तुरुंगात पाठवले होते, तो मुलगा ते सुटल्यावर चौदा महिन्यांनी पहारेकऱ्याच्या हातून गेला. ग्रीनवर खुनाचा ठपका आला नाही.

मग 'केसरी' आणि 'मराठा' खरे ठरले का? याचे उत्तर घाईने देऊ नये. या प्रकरणात तीन वेगवेगळे प्रश्न होते आणि ते वेगळे काढल्याशिवाय काहीच कळत नाही. पहिला प्रश्न असा की, ती पत्रे बर्वे यांची होती का? नव्हती. तो निकाल स्पष्ट आहे. दुसरा प्रश्न, बर्वे यांनी कट केला होता का? तसे सिद्ध झाले नाही. ज्या माणसावर खोट्या कागदांच्या आधारे एवढा मोठा आरोप झाला त्याला कोर्टात जाण्याचा पूर्ण हक्क होता. तिसरा प्रश्न, त्या मुलाला पहाऱ्यात कसे वागवले जात होते? हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. पण तो मुंबईच्या कोर्टापुढे निकालासाठी नव्हताच. कोर्टापुढे बर्वे यांची अब्रू होती. खटला महाराजांवरून पेटला, पण महाराज त्या खटल्यातले पक्षकार नव्हते.

संपादकांनी हे तिन्ही प्रश्न एकाच दोरीत बांधले. पत्रांची दोरी तुटली तेव्हा तिन्ही एकदम खाली आले. ज्यांना महाराजांच्या स्थितीबद्दल उत्तर द्यायचे नव्हते त्यांची आयतीच सोय झाली. खोटा पुरावा असा दोन्हीकडून घात करतो. निरपराधाच्या अंगावर तो चिखल उडवतो, आणि खऱ्या पीडिताची तक्रारही त्याच चिखलात बुडते. त्या पत्रांवाचूनही संपादकांना विचारता आले असते की, महाराजांजवळ कोण राहते, त्यांना भेटू का दिले जात नाही, तपासणारा वैद्य कोण आणि त्याच्या अहवालात काय आहे? हे प्रश्न मिळमिळीत वाटतात. त्यांत खलनायक नाही, कट नाही. पण अशा प्रश्नांवर बदनामीचा खटला घालणे कोणालाही जड गेले असते.

रहस्यकादंबरी आणि इतिहास यांत येथे मोठा फरक पडतो. कादंबरीत 'यात फायदा कोणाचा झाला?' असे विचारले की गुन्हेगार सापडतो. महाराजांच्या मृत्यूनंतर त्यांच्या विधवा राणी आनंदीबाईसाहेब यांनी १७ मार्च १८८४ रोजी दत्तक घेतला तो रीजंट जयसिंगराव घाटगे यांचाच मुलगा, यशवंतराव. कादंबरीकाराला एवढे पुरे. तो लगेच धागा जुळवील. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तसे करू नये. योगायोग म्हणजे पुरावा नव्हे, आणि फायदा झाला म्हणजे हात होता असेही नव्हे. हा यशवंतराव म्हणजेच राजर्षी शाहू महाराज. त्यांनी १८९४ मध्ये कारभार हाती घेतला, मागासलेल्यांसाठी शिक्षणाची दारे उघडली आणि १९०६ मध्ये कोल्हापुरात मुस्लिम मुलांसाठी बोर्डिंग उभे करण्यात पुढाकार घेतला. त्या बोर्डिंगचे ऋण आपला समाज आजही मानतो. पण शाहूंचे स्मरण करताना त्यांच्याआधी त्याच गादीवर बसलेल्या आणि विसाव्या वर्षी संपलेल्या मुलाचे नाव मात्र आपल्या तोंडी येत नाही.

याचे एक कारण 'वेडा' हा शब्द आहे. एकदा हा शिक्का बसला की त्या माणसाची गवाही संपते. तो ओरडला तर वेडाचा झटका, गप्प बसला तर वेडाचे लक्षण, पहारेकऱ्याशी भांडला तर वेडाचा पुरावा. त्या काळी मनाच्या आजाराला औषधोपचार जवळपास नव्हताच, होता तो बंदोबस्त. १८५८ चा कायदा वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा होता आणि त्याचा भर माणसाला आत ठेवण्यावर होता. महाराजांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, आमच्या रत्नागिरीतही असे इस्पितळ सुरू झाले. आजचे प्रादेशिक मनोरुग्णालय ते हेच. सबंध कोकणात 'रत्नागिरीला पाठवा' हे वाक्य चेष्टेत वापरले जाते. रत्नागिरीकर म्हणून आम्ही ते परगावी कितीदा तरी ऐकले आहे. हसणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून आपणही हसतो. पण त्या भिंतीआड कोणाचा तरी भाऊ असतो, कोणाची तरी आई असते.

मन आजारी पडले म्हणजे माणूस संपला असे नाही, याचा दाखला आपल्या उर्दू साहित्यातच आहे. ज्या इब्ने सफींच्या नावाने आम्ही या लेखाची सुरुवात केली, ते १९६० ते १९६३ या काळात स्किझोफ्रेनियाने आजारी होते. लिहिणे पूर्ण बंद पडले होते. उपचार झाले, ते बरे झाले आणि १९६३ मध्ये 'डेढ मतवाले' ही कादंबरी घेऊन परत आले. पुढे १९८० मध्ये मृत्यू येईपर्यंत ते लिहीत राहिले. त्यांना उपचार मिळाले. कोल्हापूरच्या त्या मुलाच्या वाट्याला पहारा आला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आता म्हटले आहे की, आजार आहे एवढ्यावरून एखाद्याला निर्णयक्षमता नाही असे ठरवता येत नाही, आणि मानसिक रुग्णाला क्रूर व अमानुष वागणुकीपासून संरक्षणाचा हक्क आहे. हा हक्क १८८३ मध्ये एका राजालाही नव्हता, मग सामान्यांची काय कथा!

पत्रकारांचे काय? बदनामीचा गुन्हा १८६० च्या संहितेतून २०२४ मध्ये अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३५६ होऊन कायम राहिला आहे. पण आता प्रश्न खटल्यापुरता उरलेला नाही. आमच्याच जिल्ह्यात राजापूरजवळ ६ फेब्रुवारी २०२३ रोजी पत्रकार शशिकांत वारिशे यांना गाडीची धडक बसली. ते रिफायनरीच्या वादावर लिहीत होते. त्यांना कोल्हापूरला नेण्यात आले, तेथे दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. याप्रकरणी पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला. त्या खटल्यात शिरण्याचे हे ठिकाण नव्हे. एवढेच म्हणतो की, तालुक्याच्या गावी राहून, तुटपुंज्या मिळकतीवर बातमी लिहिणाऱ्या माणसाच्या मनावर काय ओझे असते हे कळायला परदेशी कादंबरी वाचावी लागत नाही. अशा माणसाला वाचकांचा आधार लागतो. आणि वाचकांनी त्याच्याकडे पुरावाही मागायचा असतो.

हा दुसरा भाग आपल्याला अवघड जातो. आपल्या समाजाविषयी वाईट बातमी आली की आपण लगेच विचारतो, 'पुरावा काय?' विचारलेच पाहिजे. पण आपल्या मनासारखी बातमी आली, आपल्या विरोधकाला खलनायक ठरवणारा एखादा कागद मोबाइलवर आला, तर आपण तो न वाचता दहा जणांना पाठवतो. त्या वेळी पुण्यातही हेच घडले. टिळक आणि आगरकर बुद्धिमान होते, प्रामाणिक होते, निर्भय होते. तरीही ती पत्रे त्यांना खरी वाटली, कारण त्यांना जे खरे असावेसे वाटत होते तेच त्यांत लिहिलेले होते. एवढ्या मोठ्या माणसांची अशी फसगत होऊ शकते, तर आपण कोण?

म्हणून आम्ही हे प्रकरण वर्गात शिकवतो तेव्हा मुलांना फळ्यावर तीन रकाने आखायला सांगतो. काय सिद्ध झाले, काय सिद्ध झाले नाही, आणि काय कोणी विचारलेच नाही. पहिले दोन रकाने मुले भराभर भरतात. बनावट पत्रे पहिल्यात जातात, कट दुसऱ्यात. तिसऱ्या रकान्यापाशी हात अडखळतो. मग मागच्या बाकावरून कोणीतरी विचारते, 'सर, पण त्या राजाला कोणी विचारलं होतं का, त्याला काय होतंय ते?' आम्ही तो प्रश्न तिसऱ्या रकान्यात लिहून ठेवायला सांगतो.